फोटोवरची फुली

पद्मजाला जाऊन वर्ष झालं त्या सकाळी आक्का हातकणंगल्याहून आली आणि जिन्यातूनच ओरडली, "किसना, फोटो आला का रं?"

माझी थोरली बहीण अशीच येते. आधी आवाज, मग पिशव्या, मग ती स्वतः आणि सगळ्यांच्या मागून हंबीरराव दाजी. दाजी जिन्याच्या वळणावर भिंतीला टेकून दम खात होते. त्यांनी मला हातानंच नमस्कार केला. आक्का बोलत असताना ते बोलत नाहीत, आणि आक्का सहसा बोलतच असते.

"अजून न्हाय," मी म्हणालो. "जोतीराम पेंटर जेवणाच्या आधी आणून देतो म्हणालाय."

"मग निवद कुणाला दाखवायचा? खिळ्याला?"

खिळा मी आदल्या दिवशीच मारला होता. खाली दुकान आणि वर आम्ही राहतो. वरच्या बाहेरच्या खोलीत, दारातून आत आलं की समोर दिसेल अशी ती जागा. वर्षभर तिथं काही नव्हतं, कारण लावायला काही नव्हतंच. पद्मजाचा एकही धड फोटो नाही. कॅमेरा दिसला की तिला चुलीवरचं दूध आठवायचं. आमच्या लग्नात फोटोवाला आला होता, पण मुंडावळ्यांच्या आड कोण आहे ते सांगितल्याशिवाय कळत नाही. राहता राहिला आक्काच्या घराच्या वास्तुशांतीचा फोटो. कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आदल्या उन्हाळ्यातला. आक्का मधे खुर्चीवर बसली आहे आणि तिच्या खांद्याशी पद्मजा उभी आहे. फोटोवाल्यानं बटण दाबलं तेव्हा पद्मजा हलली. चेहऱ्याच्या जागी नुसता धूर.

मी हे कुणाला बोललो नव्हतो, पण गेले काही महिने मला तिचा चेहरा आठवेनासा झाला होता. आवाज आठवायचा. चपला काढायची पद्धत आठवायची. चेहरा आठवायला बसलो की तो धूरच समोर यायचा. म्हणून आक्का म्हणाली, "जोतीरामकडनं मोठा फोटो करून घेऊया," तेव्हा मी लगेच होय म्हणालो. जोतीराम ह्यात नावाजलेला माणूस. अर्धा चेहरा दिला तर पुरा करतो, मिटलेले डोळे उघडतो, बोडक्या डोक्याला फेटा बांधतो. शाहूपुरीतली निम्मी मेलेली माणसं त्याच्या हातून गोरी होऊन भिंतीवर गेली आहेत.

आक्कानं पिशव्या ठेवल्या आणि तिची नजर कोपऱ्यात गेली. तिथं प्लायवूडची एक मोठी फळी भिंतीकडं तोंड करून ठेवली होती. तिनं ती सरळ केली आणि दोन पावलं मागं सरली.

"हे काय?"

"नंदिनीनं केलंय," मी म्हणालो. "आईचं चित्र."

"कुणाच्या आईचं?"

आमचं दुकान कटलरीचं. स्नो, पावडर, काजळ, गंगावन, टिकल्या, रिबनी. कंपन्या जाहिरातीसाठी पुठ्ठ्याच्या बायका पाठवतात, त्या आम्ही दारात उभ्या करतो आणि जुन्या झाल्या की माळ्यावर टाकतो. माझ्या लेकीनं तो माळा रिकामा केला होता. फळीवर एक बाई बसली होती. तिचं डोकं म्हणजे स्नोची बाटली, झाकण उघडं, आणि त्यातून केस उतू गेलेल्या दुधासारखे बाहेर आलेले. ओठ पुष्कळ होते, सगळे लाल, ब्लाउजच्या बटणांसारखे एकाखाली एक. एक डोळा काजळाच्या डबीवरचा, दुसऱ्याच्या जागी घड्याळ. साडी साबणाच्या कागदांची. हातात कात्री होती आणि त्या कात्रीनं ती स्वतःचीच कंबर कापत होती. पायाशी गिऱ्हाइकांची रांग होती. कुणाला डोकं नव्हतं, कुणाला नुसते केस होते, पिशव्या मात्र सगळ्यांकडं होत्या.

नंदिनी हाताला पीठ लागलेलं तशीच स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कोलाज आहे ते, आत्या."

"कॉलेजात असलं शिकवत्यात?"

"कॉलेज नाही, कोलाज."

"तेच की."

दाजी एव्हाना वर पोचले होते. त्यांनी चष्मा लावला आणि फळीसमोर वाकले. बराच वेळ बघितलं. "वाकळ हाय ही," ते म्हणाले. "कागदाची."

"बरोबर मामा," नंदिनी म्हणाली. "आईनं दुकानातलं कधी काही लावलं नाही, म्हणून मी सगळं दुकानच तिला घातलं."

ते खरं होतं. आमच्या दुकानाचा सगळ्यात मोठा तोटा म्हणजे पद्मजा. ती गल्ल्यावर बसली की माल हलत नसे. एखादी नवी नवरी गोरं व्हायचं स्नो मागायची, तर ही म्हणायची, "बाळ, मी ह्या बाटल्यांच्या शेजारी बसून म्हातारी झाले. माझ्यात काय फरक दिसतोय का बघ." पोरगी हसायची आणि रिबन घेऊन जायची. रात्री हिशेबाला बसलो की पद्मजा म्हणायची, "ह्या बाया दुकानात आख्ख्या येतात हो, आणि तुकडे मागतात. एकीला केस पाहिजेत, एकीला ओठ."

"हे आज भिंतीला लागायचं न्हाय," आक्का म्हणाली. "सांगून ठेवते."

नंदिनीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "फोटो येऊ दे. मग बघू."

"म्हणजे तुम्हाला जोतीरामची बाई पाहिजे," नंदिनी म्हणाली आणि आत गेली.

स्वयंपाकघरात पुढं काय झालं ते मला तिघींनी तीन तऱ्हांनी सांगितलं. जुळलं तेवढं लिहितो.

तिथं पद्मजाची आई, तानाबाई, उचगावहून पहाटेच येऊन उडदाचे वडे थापत बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण वडे सगळे एका मापाचे. आक्का आणि तानाबाई एकमेकींशी सरळ बोलत नसत. कारण जुनंच होतं. पद्मजाला बघायला गेलो तेव्हा आक्का परत येताना मोटारीत म्हणाली होती, "रंग जरा दबलेला हाय, पण भांडी चकचकीत हायत." ते मोटारीतलं बोलणं उचगावात कसं पोचलं कुणाला ठाऊक, पण पोचलं. आक्का तेव्हापासून दर दिवाळीला पद्मजाला पावडरीचा डबा द्यायची, तोही आमच्याच दुकानातून घेऊन. पद्मजा तो दुसऱ्या दिवशी परत फळीवर मांडून विकायची.

त्या दिवशी मात्र दोघी एक झाल्या.

"तानाबाई, तुमच्या नातीनं काय केलंय बघितलंसा?"

"मला काय दिसतंय? पण हात लावून बघितलं. खरखरीत हाय."

"बाटलीचं डोकं हाय."

"माझ्या लेकीला?" तानाबाईनं वडा तेलात सोडला. "न्हाय बाई. आजच्या दिवशी न्हाय. लोक येणार, पायाला हात लावणार."

"मग काय सांगते. हिच्या लग्नाचं बघायचं हाय आणखी. उद्या पावणं आले आणि विचारलं ही कोण, तर काय सांगायचं? सासू?"

"आजी, तू पण आत्याच्या बाजूनं?" नंदिनी म्हणाली.

"मी बाजूची न्हाय. मी आईची हाय," तानाबाई म्हणाली. "मला तिचं तोंड पाहिजे. दिसू न दिसू, भिंतीवर हाय एवढं कळलं तरी बास."

नंदिनी परत पिठाकडं वळली. आक्काला मात्र त्या वेळी तानाबाईचा हात धरावासा वाटला, असं तिनं मला नंतर सांगितलं. हाताला पीठ होतं म्हणून धरला नाही.

वर्षश्राद्धाला बोलावलेल्या गुरुजींचं अर्धं आटपलं तेव्हा जोतीराम आला. पाठीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट, कपाळावर घाम. सगळे गोळा झाले. त्यानं सुतळी सोडली, कागद बाजूला केला आणि धोतराच्या सोग्यानं काच पुसली.

सगळ्यांच्या माना पुढं झाल्या.

फोटोत एक देखणी बाई होती. दुधासारखा रंग, गळ्यात साज, नाकात नथ, कानात बुगड्या. मागं तळं होतं आणि तळ्यात दोन हंस.

"तिच्याकडं साज नव्हता," मी म्हणालो.

"आता हाय," जोतीराम म्हणाला.

"आणि हे तळं कुठलं?"

"रंकाळा समजा."

"रंकाळ्यात हंस?" नंदिनी म्हणाली.

"मागं रिकामं बरं दिसत न्हाय, ताई."

आक्का पुढं झाली. तिनं पदर नीट केला आणि फोटोकडं असं बघितलं, जसं ती चांगल्या म्हशीकडं बघते. "मी म्हणत होते का न्हाय? नटली असती तर पद्मा दिसायला चांगली होती. नाक बघा कसं धारदार हाय. आणि हनुवटी. रूप होतं हो बाईला, पण कधी कळूच दिलं न्हाय."

तानाबाई चाचपडत आली. तिनं काचेवर हात फिरवला. "पद्मे," एवढंच म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. मग सगळ्यांनीच पुसले.

"ही आई नाही," नंदिनी म्हणाली.

"गप," आक्का म्हणाली. "तुझं लागलं न्हाय म्हणून असं म्हणतीस."

"गळा आईचा नाही, साज दुसऱ्या कुणाचा तरी, हंस कॅलेंडरमधले. ह्याला काय म्हणायचं? हेसुद्धा कोलाजच झालं की."

मी त्या फोटोकडं बघत उभा होतो. मला वाटलं होतं, चेहरा दिसला की आत कुठंतरी काहीतरी हलेल. काही हललं नाही. ती बाई अनोळखी वाटली. मी कुणाला दोष दिला नाही. मला वाटलं, आता मी इतका विसरलो की समोर आणून ठेवली तरी ओळखत नाही. मी खुर्चीवर चढलो, फोटो खिळ्याला लावला आणि खाली उतरून हात जोडले.

हार घातला. उदबत्ती लावली. केळीच्या पानावर भात, वडे, खीर, कढी वाढून निवद दाखवला. सगळे एकेक करून पाया पडले. आक्का शेवटी आली. ती गुडघ्यांवर बसली, कपाळ जमिनीला टेकवलं आणि हळू बोलायला गेली, पण आक्काचं हळूसुद्धा जिन्यापर्यंत ऐकू येतं.

"पद्मे, मी तुला लई बोलले. रंगावरनं बोलले, पावडरीवरनं बोलले. पोटात घाल. तुझ्यासारखी बाई आमच्या घरात झाली न्हाय."

तानाबाईनं ते ऐकलं. वाढायला बसली तेव्हा तिनं आक्काच्या ताटात न विचारता दोन वडे जास्त टाकले.

जेवणं शांत चालली होती. जोतीराम पेंटरही पंगतीत होता. खीर चांगली झाली होती, आणि दाजींनी ती तिसऱ्यांदा मागितली. वाटी पुसून पुसून संपवली, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, मिशा पुसल्या आणि भिंतीकडं बघून म्हणाले, "ही तू हाईस की."

"कोण?" आक्का म्हणाली.

"फोटोतली. तू हाईस ती."

पंगतीत हात थांबले. आक्का हसली. "ह्यांना खीर चढली."

"भुवई बघ," दाजी म्हणाले. "डावी. वर गेलेली. मी बाजारातनं चुकीचं वांगं आणलं की तुझी ती भुवई तशी जाते. तसली भुवई आख्ख्या तालुक्यात दुसरी न्हाय. मी रोज बघतोय."

आक्कानं वर बघितलं. तिची डावी भुवई वर गेली. नंदिनीनं एकदा आक्काकडं बघितलं, एकदा फोटोकडं, आणि तोंडात पदर कोंबला. मग मला दिसलं. आक्काच्या गालावरचा चामखीळ काढला, अंगावरचं बाळंतपणापासून साठलेलं सगळं उतरवलं, आणि तिला दुधात बुडवून काढली, तर तीच ती.

"तुम्हाला कधी कळलं?" आक्का म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता.

"कागद काढला तवाच."

"मग बोलला न्हाईसा का?"

"बोललो असतो तर जेवण राहिलं असतं."

आक्का उठली. ताटावरून उठू नये हे तीच सगळ्यांना सांगते. "माझ्या फोटोला हार घातला? मला निवद दाखवला? मी जिती हाय की रं, किसना. मी माझ्याच पाया पडले?"

"माफी मागितलीस ती पण तुझी तुलाच," दाजी म्हणाले. "आता तू मनाला लावून घेऊ नको, म्हणजे झालं."

तिनं मोर्चा जोतीरामकडं वळवला. जोतीरामचा हात कढीत होता.

"पेंटर, मी तुम्हाला नीट खूण करून दिली होती. पद्माच्या डोक्यावर पेन्सिलीनं फुली मारली होती."

"मारली होती की."

"मग?"

"फुली होती म्हणून तर तिला काढली," जोतीराम म्हणाला. "आमच्यात फुली म्हणजे हे माणूस नको. चेहरा पण धुरकट, म्हटलं खराब झालाय म्हणून फुली मारली. शेजारी ह्या स्वच्छ बसलेल्या. पाहिजे त्याला गोल करत्यात, आक्का."

"गोल?" आक्का म्हणाली. "मतपत्रिकेवर काय गोल करत्यात? ह्यांच्या पंचायतीच्या निवडणुकीला मी दरवेळी फुली मारली आणि दरवेळी हे निवडून आले. फुली म्हणजे पाहिजे."

"ते मतदान. हा फोटो."

"फुली ती फुलीच."

जन्मात एकदाच आक्कानं पद्मजाला मत दिलं आणि ते बाद झालं. पद्मजा असती तर ह्यावर दोन दिवस हसली असती.

तानाबाई मात्र हसत नव्हती. "म्हणजे मी हिच्या तोंडावरनं हात फिरवला?" ती म्हणाली. "आणि रडले?"

"तुम्हाला तर कळायला पाहिजे होतं, आई होता तुम्ही," आक्का म्हणाली.

"मला दिसत न्हाय. तुम्ही म्हणालासा पद्मा, मी म्हटलं पद्मा. तुम्हाला दिसतंय, तुम्ही तर तुमच्याच नाकाची वाखाणणी करत बसला होता."

आक्का मटकन खाली बसली. तिची खरी भीती आता बाहेर आली. ती गुरुजींकडं वळली. "गुरुजी, ह्याचं काय होतं? जित्या माणसाचं श्राद्ध झालं तर?"

गुरुजी वड्याचा घास संपेपर्यंत थांबले. "जिवंतपणी मेल्याची बातमी उठली तर आयुष्य वाढतं म्हणतात. इथं तर जेवणसुद्धा झालं. तुम्ही खूप जगाल."

"अरे देवा," दाजी म्हणाले.

"पण निवद मात्र ज्या बाईचा, तिला पोचायला पाहिजे," गुरुजी म्हणाले. "तो पुन्हा दाखवा."

मी खुर्चीवर चढून फोटो उतरवला. आक्कानं हार आधी ओरबाडून काढला आणि मग फोटो पिशवीत घातला. टाकून देणार का, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाली, "कशाला? साज चांगला काढलाय."

भिंतीवर परत खिळाच राहिला. सगळे त्या खिळ्याकडं बघत बसले. वास्तुशांतीचा मूळ फोटो जोतीरामनं पिशवीतून काढून माझ्या हातात दिला. धूर आणि धुरावर फुली. तोही आक्कानं बघितला. मग तिनं मोठा श्वास घेतला.

"नंदे," ती म्हणाली, "आण बाई तुझं ते कॉलेज."

नंदिनी हलली नाही. "आजीला नको असेल तर नको."

"आण," तानाबाई म्हणाली. "निदान ती दुसरी कोण तरी न्हाय. निदान तुझ्या मनात तरी तुझीच आई होती."

फळी जड होती. मी आणि दाजींनी मिळून ती खिळ्याला अडकवली. वाकडीच लागली. नंदिनीनं नवा हार घातला, तर तो घड्याळाच्या डोळ्यावर आला, म्हणून सरकवला. तानाबाईनं नवीन पान वाढलं आणि जमिनीवर ठेवलं. मग तिनं उठून बोटांनी फळी वरपासून खालपर्यंत चाचपली.

"हिला नाक कुठाय?" तानाबाई म्हणाली.

"नाक नाही काढलं, आजी."

"का? माझ्या पद्मीला चांगलं नाक होतं. बसकं होतं, पण शेंड्याला वर."

"वर न्हाय हो," आक्का म्हणाली. "डावीकडं होतं. हसली की आणखी डावीकडं जायचं. मला त्याचाच राग यायचा, कारण मला वाटायचं मलाच हसतीया."

"तुलाच हसायची ती," दाजी म्हणाले. "आणि एवढे ओठ कुठले? खालचा ओठ होता तो नुसता. वरचा दिसायचाच न्हाय. दातांत फट होती, त्यातनं सुपारी बाहेर काढायची."

"सुपारी खात नव्हती माझी लेक."

"माझ्याकडनं घ्यायची," दाजी म्हणाले. हे आक्कालाही नवीन होतं.

"उजव्या भुवईला मधे केस नव्हते," नंदिनी म्हणाली. "फोडणी उडाली होती. ती तिथं काजळाचं बोट फिरवायची, फक्त तेवढंच. कुणाला सांगू नको म्हणायची."

"म्हणजे दुकानातलं काही लावत न्हाय म्हणायची ते खोटंच," आक्का म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज सरळ झाला. "कपाळ केवढं ते. आणि काळी न्हवती तशी. गव्हाळ होती. उन्हात उभी राहिली की चांगली दिसायची."

"हे तुम्ही तवा सांगायचं होतं," तानाबाई म्हणाली.

"तवा उन्हात बघितली न्हवती."

जोतीरामनं खिशातून पेन्सिल काढली होती, पण कुणी त्याला काही काढायला सांगितलं नाही. उदबत्तीची राख पडली. निवदाचा भात गार होत होता आणि गुरुजींनी दोनदा घसा खाकरला. सगळे एकाच वेळी बोलत होते. हनुवटीवरून तानाबाई आणि आक्काची जुंपली होती, आणि दाजी मधेच म्हणत होते की मान जरा तिरकी असायची, ऐकू कमी येतंय असं वाटायचं पण यायचं सगळं.

मी फळीकडं बघत होतो. बाटलीचं डोकं, घड्याळ, लाल ओठ, त्यातलं काहीच तिचं नव्हतं. पण ह्यांचं बोलणं ऐकता ऐकता तिथं कुणीतरी यायला लागलं होतं. खालचा ओठ आला. भुवईतली रिकामी जागा आली. नाक डावीकडं गेलं आणि लगेच निसटलं.

"तू काय गप बसलाईस?" आक्का मला म्हणाली. "नवरा होतास तू. सांग की कशी होती."

"सांगतो," मी म्हणालो. "आधी तुम्ही सगळे जरा सावकाश बोला. नाकापासनं परत."